डोळ्यातला अमीबा

सुचित्राच्या उजव्या डोळ्यात खुपायला लागलं तेव्हा तिला वाटलं, पापणीचा केस गेला असेल. परदेशातल्या त्यांच्या घराजवळ, मरीन परेडच्या क्लिनिकमध्ये विषाणूचा संसर्ग समजून थेंब दिले. काही आठवडे ती बँकेत गॉगल लावून काम करत राहिली. मग लिफ्टमधला दिवाही सोसेना, तेव्हा तिचा नवरा विश्वास तिला हाताला धरून मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला.

"कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने धुता?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"कधी कधी. इथलं पाणी तर आम्ही सरळ नळातून पितो."

"पोटाला चालतं ते. डोळ्याला नाही. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात अमीबा शिरलाय."

दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. विश्वास आणि मुलगी अश्लेषा पाळ्या लावून बसत. अश्लेषा ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकत होती.

"तू मायक्रोस्कोपखाली बघितलायस ना हा?" पडदे ओढलेल्या खोलीत सुचित्राने विचारलं.

"तो तळ्यातला, साधा. आई, नको ना."

"सांग. माझ्या डोळ्यात काय चाललंय ते मला कळू दे."

अश्लेषा थेंबांची बाटली हातात धरून बोलू लागली. "त्याला पाय नसतात. अंगच पुढे ढकलतो आणि उरलेलं अंग त्यात ओतत सरकतो. तुझ्यातल्याला काट्यांसारखी टोकं असतात. त्यांनी धरून राहतो."

"आणि खातो कसा?"

"खाण्याभोवती अंग गुंडाळतो. आत घेऊन विरघळवतो."

"काय खातो?"

"बॅक्टेरिया." तिने बाटलीचं झाकण उघडलं. "आणि तिथल्या पेशी."

"औषधाने मरेल ना?"

"बरेच मरतात. काही कवच करून आत बसतात. न खाता, न हलता. डोन्ट आस्क एनीमोअर, लाह!" तिथल्या मुलांच्या इंग्रजीत ओरडता ओरडता तिला रडू फुटलं. सुचित्राने चाचपडत तिचं मनगट धरलं, आणि थेंबासाठी मान मागे टाकली.

औषधं संपली, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला तो राहिलाच. डॉक्टरांनी तिथे कुणीतरी दान केलेला डोळ्याचा पडदा शिवला. थोडे दिवस तिला बसचे नंबर दिसले. मग तीच कळ परत आली.

"डोळा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

"दुखणं थांबेल?"

"थांबेल."

"मग काढा."

दुखणं थांबलं. घरी आल्यावर सुचित्राने हट्टाने स्वतः चहा केला. एका डोळ्याला अंतर कळेना, धार कपाच्या बाजूला ओट्यावर पडत राहिली. विश्वासने मान फिरवली. अश्लेषाने कप धारेखाली सरकवला.