नास्तिकाचं गाऱ्हाणं

श्यामसुंदर परबांनी देव सोडला तो एक्क्याऐंशी साली, वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर. सोडला म्हणजे अगदी रीतसर सोडला. दादरला एक व्याख्यान ऐकून आले, हातपाय धुतले, जेवले आणि बायकोला म्हणाले, "मीना, आजपासून मी नास्तिक. माणूस हाच माझा धर्म."

मीनानं ताट उचलत विचारलं, "मग या माणसाला उद्या डब्यात काय देऊ?"

चेष्टेला परबांनी जागाही भरपूर ठेवली होती. ठेच लागली की तोंडून "अरे देवा!" निघायचं आणि मागोमाग "म्हणजे, अरे अंगठ्या!" अशी दुरुस्ती यायची. शेजारचे दिलीप गायकवाड जिन्यात भेटले की हटकून विचारायचे, "काय परबसाहेब, आज कसा हाय नास्तिकपणा?" गायकवाड मूळचे परभणीकडचे, बौद्ध. "आमच्या बापानं छप्पन सालीच सोडले देव. तुमी पंचवीस वर्षं लेट. पण या, जागा हाय."

पण परबांचं हे खूळ नव्हतं. आदल्या वर्षी वडील आजारी पडले तेव्हा ते नऊ देवांना नऊ नवस बोलले होते, महिनाभर अनवाणी हिंडले होते. नवांपैकी एकही फिरकला नाही. रक्त दिलं ते इस्पितळाच्या दारातल्या एका अनोळखी हमालानं, नावसुद्धा न सांगता. वडील गेलेच, पण त्या हमालाचा चेहरा काही परबांच्या मनातून जाईना. व्याख्यानानं फक्त त्या चेहऱ्याला नाव दिलं.

खरा पेच पडला तो आईमुळे. भागीरथीबाई नवऱ्यामागे मालवणाकडचं घर बंद करून लेकाकडे आल्या होत्या. नवं घर म्हटलं की तिकडे गाऱ्हाणं व्हायलाच हवं. कर्त्या पुरुषानं देवापुढे नारळ ठेवून मोठ्यानं बोलायचं, चुकलंमाकलं कबूल करायचं, मागायचं ते मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. एकदा तसं म्हटलं की तो शब्द झाला. मग तो कुणी मागे घेत नाही.

"तुका देव नको, बरां," भागीरथीबाई म्हणाल्या. "माजो देव काय तुज्या उपकारावर जगना नाय. पन गाऱ्हाणां तुकाच घालूक व्हया. तुज्या बापाशीन चाळीस वर्सां घातल्यान. रविवारी घालतंस तर घाल, नाय तर माका दुपारच्या एसटीत बसव."

नुसतं बोलून त्या थांबल्या नाहीत. ट्रंक भरून दाराशी आणून ठेवली.

परबांचा बाप गेला होता, आता आईही जाणार. चार शब्द खोटे बोलून तिला थांबवता आलं असतं. देवाला फसवायची भीती नव्हती, तो नव्हताच. पण फसणार होती ती आई, आणि ती तर समोर बसलेली असणार.

शेवटी त्यांनी जिन्यात गायकवाडांना गाठलं. "देवच नाही, तर गाऱ्हाणं घालू कुणाला?"

"ज्याला ऐकू जातं त्याला घाला की," गायकवाड म्हणाले आणि दूध आणायला निघून गेले.

रविवारी सगळा मजला जमला. जवळच्या दिवाळे गावाहून मासे घेऊन येणारी दुर्गाबाईही पाटी दाराबाहेर ठेवून आत आली. भागीरथीबाई देव्हाऱ्याजवळ डोळे मिटून, हात जोडून बसल्या. परबांनी नारळ पाटावर ठेवला आणि देव्हाऱ्याकडे पाठ करून माणसांसमोर उभे राहिले.

"बा माणसांनो म्हाराजा! गायकवाड, आईला चक्कर आली तेव्हा तुम्ही तिला पाठीवर घेऊन तीन जिने उतरलात. मी साधा चहासुद्धा विचारला नाही. चुकलं, पदरात घ्या म्हाराजा!"

भागीरथीबाईंनी एक डोळा किंचित उघडला. पण जन्माची सवय, तोंड आपोआप बोललं, "व्हय म्हाराजा!" मागोमाग सगळे बोलले. गायकवाडांना काय करावं कळेना, त्यांनी उगाच सदऱ्याची बटणं तपासली.

"दुर्गाबाई, आईला आवडतात म्हणून तुम्ही मुडदुशा पाटीच्या तळाशी राखून ठेवता. अशीच माया असू द्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दुर्गाबाईच सर्वांत मोठ्यानं ओरडली. भागीरथीबाईंचे डोळे पुन्हा घट्ट मिटले होते, त्या आता रंगल्या होत्या.

"आणि शेवटचं मागणं." परब आईकडे वळले. "आईशिवाय हे घर मला नको. देवाकडे मागायचा हक्क मी सोडलाय, म्हणून जिच्या हातात आहे तिच्याकडेच मागतो. तिनं गावाला जाऊ नये. इथंच राहावं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भागीरथीबाई खणखणीत म्हणाल्या, सगळ्यांच्या आधी.

मग त्यांनी डोळे उघडले. गायकवाड छताकडे बघत राहिले.

"मेल्या," भागीरथीबाई म्हणाल्या, "फसवलंस माका." पण डोळ्यांना पदर लावावा लागला. शब्द झाला होता. "बघतंस काय? नारळ फोड. आनि ती ट्रंक दारातसून काड आदी, कोनाक तरी ठेच लागतली."

परब आनंदानं धावले आणि त्या ट्रंकेवरच सणसणीत ठेचकाळले.

"आई गं!" ते ओरडले.

या वेळी दुरुस्ती करायची गरज पडली नाही.