पाठ पहिला: माउस टेबलावर ठेवणे

पाठ १.

हा माउस. हा टेबलावर राहतो. कानाला लावायचा नाही, लावण्या, तो फोन नाही. शेपटीला धरून फिरवायचा नाही. टेबलावर माउस हलवला की पडद्यावर बाण हलतो. पडद्याला बोट लावायचं नाही. बोट नाही. जननी, बोट—

पाठ १, पुन्हा.

जूनपासून एवढंच चाललंय. एलकेजीची ही मुलं बोलायला लागायच्या आधी आईच्या फोनवर बोट फिरवायला शिकली. बोट लावलं की काच ऐकते, हे त्यांना पक्कं ठाऊक. मी रोज सांगते, ही काच ऐकत नाही. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात.

पाठ १, मध्येच थांबवून.

दारात व्यासराज राव. शाळेचे करस्पॉन्डंट, म्हणजे मालकच. आमच्यासारखेच तंजावरकडचे मराठी.

"जयंती, विजयादशमीला नव्या अ‍ॅडमिशनला आईबाप येतील. त्यांच्यासमोर एक पोर कॉम्प्युटरवर 'अ' काढताना दिसलं पाहिजे. नाही तर ही खोली अबॅकसला."

"सर, त्यांना अजून माउस—"

"अबॅकसवाले खोली टेपने मोजून गेले, अम्मा."

खोली गेली की मीही गेले. मला दुसरं काही शिकवता येत नाही. हेही येतं का, ते जननीला विचारा.

आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी. (पाठ नाही.)

त्या दिवशी चेन्नईतल्या आमच्या तिरुवल्लिकेणीत रिक्षापासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं आणि कशालाच कुणी हात लावत नाही. आदल्या संध्याकाळी मी आमच्या आया सकवारबाईंना बजावलं होतं, "माउसला वरून काही लावू नका. मुलं चाटतात."

"सरि, बरं, टीचरम्मा."

विजयादशमी. पाठ १, पाहुण्यांसमोर.

टेबलावर तांदळाचं ताट. नव्या मुलांची बोटं धरून गुरुजी त्यात तमिळ 'अ' काढून घेतायत. शेजारी माझा कॉम्प्युटर, कोरं पान उघडलेलं. खुर्चीत जननी, वेण्यांना मोगरा. मागे आईबाप, सगळ्यांचे फोन वर. व्यासराज राव हात चोळतायत.

"जननी, माउसने लिही."

तिने माउस धरला. नीट धरला! टेबलावर ठेवून! हलवला.

बाण हलला नाही.

दुसरा माउस लावला. नाही. तिसरा. नाही.

"सिस्टिम लोड होतेय," व्यासराज राव आईबापांना म्हणाले. मग माझ्या कानात, "काय गं हे?"

मी माउस उलटा केला. पोटाशी जो लाल दिवा दिसायला हवा, तिथे चंदनाचा वाळलेला गोळा. त्यावर, अगदी मधोमध, कुंकू.

"सकवारबाई!"

"अय्यो, तुम्हीच सांगितलं की वर लावू नका!"

"म्हणून पोटाला?"

"मग कुठं लावू? सामी आहे ते, देव. एवढा सणाचा दिवस, मोकळ्या कपाळानं ठेवू?"

"ते कपाळ नाही, डोळा आहे त्याचा!"

"डोळा पोटाला असतोय?" सकवारबाईंनी पाहुण्यांकडे बघून विचारलं. दोन आज्या माना हलवू लागल्या. नसतो.

मी केसातली पिन काढली आणि खरवडत बसले. चंदन निघेना. मागे कुणीतरी हसलं. कुणीतरी अबॅकस म्हणालं, की मलाच तसं ऐकू आलं.

पाठ १ कडे तेवढ्या वेळात कुणाचंच लक्ष नव्हतं.

जननीला मी काय सांगितलं होतं? माउसने लिही. तिने पडद्याकडे बघितलं. बोट नाही. तांदळाकडे बघितलं. मग टेबलावरचा एक माउस मुठीत उचलला, ताटात टेकवला आणि जीभ बाहेर काढून ओढला. एक वेटोळं. एक शेपूट. वरून खाली एक रेघ. 'अ' शोधायचाच म्हटलं तर होता.

मग टाळ्या. फोन सगळे ताटावर. "एन्न अळगु!" एक आजी म्हणाली. किती सुंदर म्हणे. एका बापाने आपल्या मुलाला पुढे ढकललं, "आमच्या रणवीरचंही असंच करा. व्हिडिओ काढतो." मागे रांग लागली.

"आपली परंपरा अधिक टेक्नॉलॉजी," व्यासराज राव सगळ्यांना सांगत होते. जणू त्यांनीच बसवलं होतं.

ऑफिसात अ‍ॅडमिशनची गर्दी झाली. दुपारी ते येऊन म्हणाले, "खोली तुझीच. अबॅकसवाल्यांना नको म्हणून कळवलं. आणि हे बघ, आता दर शुक्रवारी असंच. सगळ्या मुलांना. तांदूळ मी देतो."

"सर, माउस तांदळात—"

"दर शुक्रवारी."

सकवारबाई शेवटच्या मुलाच्या मुठीतून माउस सोडवत होत्या. तो हलवला की आत खुळखुळा वाजायचा.

पाठ १, सोमवारी, पुन्हा.

हा माउस. हा टेबलावर राहतो. ताटात नाही. जननी, मी काय म्हणाले? तांदूळ कुणी आणले घरून? कुणी आणले?

सगळ्यांनी?