मार्चमधलं मीठ

मे महिन्यात बर्फ वितळला आणि बुर्गल म्हातारीच्या कुरणावर मार्चमधली स्कीची शर्यत जशीच्या तशी उमटली. सगळीकडे कोवळं हिरवं गवत, आणि त्यातून वरपासून खालपर्यंत नागमोडी उतरणारी एक पिवळी, करपलेली वाट. जिथे जिथे वळणाचे दांडे रोवले होते, तिथे तिथे गादीएवढा डाग. चर्चच्या पायऱ्यांवरून ती अख्ख्या ओबरकार गावाला दिसायची, आणि रविवारी प्रार्थना सुटली की लोक मुद्दाम तिथे रेंगाळायचे.

"शर्यत कधीच संपली," विन्झेन्झ म्हणाला, "पण प्रेक्षक काही उठायला तयार नाहीत. ते बघ, तिसऱ्या वळणावर जरा जास्तच प्रेम ओतलेलं दिसतंय."

विन्झेन्झ क्लबचं बर्फ दाबायचं यंत्र चालवायचा आणि उरलेला वेळ लोकांना चिडवण्यात घालवायचा. ओटीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओटी म्हणजे ओटिलिए, गावची पोस्टवाली आणि गावातल्या मुलांच्या स्की क्लबची अध्यक्ष. मीठ टाकायचं तिनेच ठरवलं होतं, आणि वळणांवर ते मुठीमुठीने तिनेच टाकलं होतं.

त्यात तिचं काही अगदीच चुकलं होतं असंही नाही. मार्चच्या उन्हात बर्फाचा चिखल होतो. मोठी मुलं खाली गेली की वळणावर खोल चर पडतात आणि मागून येणारी लहानगी त्यांत धडाधड कोसळतात. मीठ टाकलं की तोच बर्फ थोड्या वेळात कडक होतो आणि शेवटच्या मुलालाही पहिल्यासारखा रस्ता मिळतो. स्कीच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बर्फ गेल्यावर ते मीठ कुठे मुरतं, हे गवताच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ओबरकार दोन्ही होतं, आणि ओटी तिथेच जन्मलेली होती. तेव्हा 'मला माहीत नव्हतं' म्हणायची तिला सोय नव्हती.

उतार बुर्गलचा. ना कागद, ना करार, ना भाडं. बुर्गल ही तीन गाई सांभाळून एकटी राहणारी म्हातारी. दर जुलैत ती सकाळी दारात पत्रं घेताना ओटीला सांगायची, "मंगळवारी या." नाहीतर गुरुवारी या. एवढंच. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंना पक्का कळायचा: गवत कापायला या, आणि हिवाळ्यात उतार तुमचा. मग क्लबची सगळी मुलं दाताळी घेऊन कुरणावर चढायची. गवत कापायलाच लागतं. उभं राहिलं तर ते बर्फाखाली आडवं पडतं आणि त्यावरून सगळा बर्फच घसरून खाली येतो. मोठमोठ्या क्लबांची मुलं उन्हाळ्यात पायांत बळ यावं म्हणून जिममध्ये जातात. ओटी आपल्या मुलांना बुर्गलकडे पाठवायची. त्या उतारावरून वाळल्या गवताचा भारा डोक्यावर घेऊन जो न पडता खाली आला, त्याला स्कीवर तोल कसा सांभाळायचा हे वेगळं शिकवायला लागत नाही, असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

गावाला दुसरा उतार नव्हता. एका बाजूला रान, दुसऱ्या बाजूला कडा. खाली दरीच्या तोंडाशी स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या, मोठ्या हॉटेलांच्या लिफ्टी होत्या, पण तिथे गावातल्या सहा-सात वर्षांच्या पोरांना कोण विचारतंय? शाळा सुटल्यावर घरी दप्तर फेकून अंधार पडेपर्यंत सराव करायचा, तर तो बुर्गलच्याच कुरणावर. ते गेलं की क्लब गेला. हे ओटीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बुर्गल भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडलीच नाही. रोज सकाळी दार उघडायची, "देव भेटो" असा रीतीचा नमस्कार करायची, पत्रं घ्यायची, ढगांबद्दल दोन शब्द बोलायची आणि दार लावून घ्यायची. ओटी त्या बंद दारासमोर क्षणभर उभी राहायची, आणि मग सायकल ढकलत पुढे जायची. जूनमध्ये तिने जर्दाळूचा केक करून नेला. बुर्गलने घेतला, छान झालाय म्हणाली. दुसऱ्या दिवशी ताटली स्वच्छ धुऊन परत दिली. रिकामी. त्या दरीत रिकामी ताटली कुणी परत करत नाही, निदान दोन अंडी तरी घालून देतात. ओटीला ती ताटली दिवसभर पोस्टाच्या पिशवीत वाजत राहिलेली ऐकू येत होती.

त्यात भर म्हणजे मार्चची शर्यत इतकी झकास झाली होती की जिल्ह्याच्या संघाने जानेवारीची मोठी शर्यतही ओबरकारलाच दिली. मुलं नुसती नाचत होती. ओटीची भाची लेनी तर आत्तापासूनच जिंकल्यासारखी वागायला लागली होती.

"आत्या, बुर्गल आजीने बोलावलं का?"

"नाही अजून."

"जुलै अर्धा संपला! तू विचार ना मग. तोंड आहे ना तुला?"

"आहे. तेच घेऊन तिच्यासमोर उभं राहवत नाही."

"मग मी जाते. मला काही लाज नाही."

"ते सगळ्या गावाला माहीत आहे," ओटी म्हणाली. "गप पळायला जा. दोन चकरा जास्त."

आजूबाजूची कुरणं कापून झाली. हवा वाळल्या गवताच्या वासाने भरून गेली. एका सकाळी ओटी चर्चच्या कोपऱ्यावर वळली आणि तिला वर, त्या पिवळ्या वाटेशेजारी, एक छोटी निळी आकृती दिसली. बुर्गल. बुटांखाली खिळ्यांच्या पट्ट्या बांधून, लांब दांड्याचा विळा घेऊन ती म्हातारी त्या उभ्या उतारावर एकटी गवत कापत होती.

ओटीने सायकल थांबवली. आधी भीती वाटली, पडली तर! आणि मागोमाग दुसरी गोष्ट लक्षात आली: ही एकटी कापतेय, म्हणजे आपल्याला बोलावणं येणार नाही. गावात कुणी बोलावल्याशिवाय कुणाच्या कुरणात पाऊल टाकत नाही. तिने राहिलेली पत्रं वाटली, सायकल घरी टाकली, दाताळं उचललं आणि न बोलावता वर गेली.

बुर्गलने तिला येताना पाहिलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. विळा चालत राहिला. ओटी तिच्या खालच्या अंगाला गेली आणि कापलेलं गवत पसरायला लागली. बराच वेळ नुसता विळ्याचा सपसप आवाज, आणि अधूनमधून दगडावर धार लावल्याचा. ऊन चढलं. करपलेल्या डागापाशी आलं की बुर्गल विळा उचलायची आणि पलीकडून पुन्हा सुरू करायची. दर वेळी तो विळा हवेत उचलला गेला की ओटीला कानफटात बसल्यासारखं वाटायचं.

दुपारी दोघी लार्चच्या झाडाखाली बसल्या. बुर्गलने भाकरीसारखा काळा पाव आणि डुकराच्या मांसाचा खारवलेला तुकडा काढला, चाकूने अर्धा केला आणि अर्धा ओटीपुढे ठेवला.

ओटीने घास घेतला. "बुर्गलमावशी, गवताचं फार वाईट वाटतं मला. आम्ही नवीन बी पेरून देऊ. माती आणून टाकू. मुलं—"

"गवताचं काय घेऊन बसलीस?" बुर्गल म्हणाली. "गवत येईल. दोन वर्षं रुसेल, मग आपलं आपण येईल."

"मग?"

"मग काय? एवढीशी होतीस तेव्हापासून विचारत आलीस मला. खांब रोवू का, फांदी तोडू का, बाकडं ठेवू का. एकदा तर झाडामागे जाऊन येऊ का, तेही विचारलं होतंस."

ओटीला हसू आलं, आणि लगेच विरलं.

"मिठाचं का नाही विचारलंस?"

"त्या दिवशी तुझी गाय विणार होती. म्हटलं, सकाळी सकाळी कशाला..."

"गाय दुपारी व्याली."

ओटीने पाव खाली ठेवला. एवढे महिने तिने ती गाय मनातल्या मनात किती वेळा पुढे केली होती. आज ती गायसुद्धा तिच्या बाजूने उभी राहायला तयार नव्हती.

"तू नाही म्हणशील म्हणून नाही विचारलं," ती म्हणाली.

"म्हटलंच असतं."

"माहीत होतं मला."

"हो ना. तेच म्हणतेय मी."

बुर्गलने मांसाचा पातळसा काप कापून तोंडात टाकला आणि खाली गावाकडे बघत तो सावकाश चावला. मग म्हणाली, "जानेवारीत मोठी शर्यत आहे म्हणे इथे. पेपरात होतं."

"कुठल्या?"

"कुठल्या काय? तूच आणून टाकलास ना दारात."

ओटीचे कान लाल झाले. रोज पेपर तीच टाकत होती, आणि आपलीच बातमी तिच्या हातात आपणच देतोय हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. किंवा आलं होतं आणि तिने ते पेपराबरोबरच घडी घालून ठेवलं होतं.

"तुला विचारायचं राहिलं," ती म्हणाली.

"मग विचार."

"आत्ता?"

"मी काही कुठे चालले नाही."

ओटी उठून उभी राहिली. का उभी राहिली ते तिचं तिलाही कळलं नाही. लहानपणी विचारताना ती उभीच असायची. "बुर्गलमावशी, जानेवारीत जिल्ह्याची शर्यत तुझ्या कुरणावर घेऊ का?"

"नाही," बुर्गल म्हणाली, आणि चाकू एप्रनला पुसला.

पुढे काही आलं नाही. कारण नाही, सबब नाही. ओटी वाट बघत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर लेनीचा चेहरा आला. गावभर झालेली घोषणा आठवली. विन्झेन्झ यंत्र दुरुस्त करून बसला होता, बेकरीवाल्याने पोरांसाठी पाव द्यायचं कबूल केलं होतं. मीठ टाकणार नाही अशी शपथ घेते, फक्त खालच्या अर्ध्यावर घेते, कडाक्याच्या थंडीत मीठ लागतच नाही: सगळी बोलणी तिच्या जिभेवर येऊन उभी राहिली. आणि त्या सगळ्यांच्या मागे निव्वळ राग होता. या हेकट म्हातारीचा, तिच्या तीन गाईंचा आणि तिच्या त्या शांत तोंडाचा.

तिने ते सगळं गिळलं. सोपं गेलं नाही.

"बरं," ती म्हणाली.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे नाही घेत. संध्याकाळी फोन करून कळवते. घेतील दुसऱ्या कुठल्या गावात."

"पोरं रडतील."

"रडतील. लेनी तर आठवडाभर बोलणार नाही माझ्याशी. सांगेन त्यांना, मी विचारायच्या आधीच हो म्हणून बसले होते."

बुर्गलने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "तूच रडतेस की काय?"

"रडत नाही. राग आलाय तुझा."

"येऊ दे," बुर्गल म्हणाली. "मार्चमध्येही एवढंच झालं असतं. तुला राग आला असता, चार दिवस फुगली असतीस, आणि जुलैत दाताळं घेऊन आली असतीस. मला तर चाललं असतं ते."

 ओटीच्या डोळ्यांत आता खरंच पाणी आलं, आणि ते लपवायला त्या झाडाखाली जागा नव्हती. बुर्गलने पावाचे तुकडे गोळा करून फडक्यात बांधले, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि विळ्याची धार अंगठ्याने चाचपून पाहिली.

"उरलेलं मंगळवारी," ती म्हणाली. "पोरांना आण. आणि त्या विन्झेन्झला सांग, धड दात असलेली दाताळी आण म्हणावं, गेल्या वर्षी निम्मं गवत मागेच राहिलं होतं."

ओटीने नुसती मान हलवली. सकाळी पसरलेलं गवत खालच्या बाजूने अजून ओलं होतं, ते उलटायला ती पुन्हा उतारावर गेली.