वर धरलेलं टोक

चाळीस वर्षं लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करणाऱ्या बाबांना जगात एकाच गोष्टीची धास्ती होती. आपल्यामुळे लेकीला चारचौघांत मान खाली घालावी लागू नये. म्हणून तिच्या ऑफिसची पायरी ते कधी चढले नव्हते. पण त्या सकाळी तिचाच फोन आला.

"बाबा, इथल्या बाथरूमचा पाईप फुटलाय. कंत्राटदार उद्यावर ढकलतोय आणि आमच्याकडे दुपारी मोठे पाहुणे यायचेत. याल का?"

याल का म्हणे! फोन ठेवायच्या आत स्वारी चपला घालून तयार.

लेकीचं काम बाबांना मोघमच ठाऊक होतं. आपोआप चालणारी एक बंदूक. समोरचा माणूस हत्यारबंद आहे की साधा, हे तिचं तीच ओळखणार, आणि हत्यारबंद वाटला तर कुणालाही न विचारता गोळी झाडणार. साध्या माणसाला ती सोडते ना, हे तपासायची जबाबदारी लेकीची. दीड वर्ष ती त्यात बुडाली होती. आज तिची सही झाली की यंत्र सैन्याकडे रवाना होणार होतं आणि तिला बढती मिळणार होती. शेजाऱ्यांना बाबा एवढंच सांगत, "आमची मनी लोकांचे जीव वाचवते." आणि त्यात खोटं काय होतं?

गेटवर झडती झाली, आणि बाबा नवा पाईप खांद्यावर टाकून मधलं पटांगण ओलांडू लागले. पाईप वाहून न्यायची त्यांची एक शिस्त होती. पुढचं टोक कायम डोक्याच्या वर आणि एक हात पाईपच्या खाली, म्हणजे वळताना कुणाच्या डोळ्यात जायला नको. हाताखालच्या माणसाने टोक खाली सोडलं की बाबा भर रस्त्यात त्याची हजेरी घेत.

पटांगणाच्या टोकाला तिवईवर कॅमेरा होता. बंदूक नव्हती, यंत्राचे डोळे तेवढे जोडलेले होते. पाहुणे यायच्या आधीची शेवटची तालीम चालू होती. बाबा आत पोचले तर मनी पडद्यापुढे उभी, चेहरा पांढराफटक.

"काय गं मने, बरं वाटत नाही का?"

तिने पडद्याकडे बोट केलं. त्यावर मघाशी पटांगणातून चालत आलेले बाबा होते, आणि त्यांच्याभोवती लाल चौकट.

"छान आलोय की," बाबा म्हणाले. "ही लाल चौकट कसली?"

"हत्यारबंद माणसाची."

बाबा हसले. मग तिच्याकडे बघून हसायचे थांबले.

तिचे साहेब धावत आले. प्रत्येक काम त्यांना आजच हवं असायचं, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे आजचसाहेब म्हणत. वाईट माणूस नव्हे, घाईचा माणूस. "चारशे बारा साधी माणसं चालवून पाहिली आपण," ते म्हणाले. "एकालाही लाल नाही!"

"ती सगळी आपल्याच ऑफिसातली होती, साहेब. कुणाच्या हातात लॅपटॉप, कुणाच्या हातात डबा. फार तर छत्री. खांद्यावर ओझं घेऊन कुणी चाललंच नाही. कुणाला सुचलंसुद्धा नाही." तिचा आवाज बारीक झाला. "मला सुचलं नाही. प्लंबरच्या मुलीला."

कुठून दुर्बुद्धी झाली आणि आलो, असं बाबांना झालं.

"थांब, थांब," ते म्हणाले. "माझीच धरायची पद्धत चुकली असेल. पुन्हा चालतो ना मी."

आणि त्या वयात ते भर उन्हात पुन्हा पटांगणात गेले. पाईप डाव्या खांद्यावर घेतला. लाल. दोन्ही हातांनी छातीशी धरला. लाल. शेवटी घाम पुसत त्यांनी टोक खाली सोडलं, समोरून येणाऱ्याच्या पोटात घुसेल असं. चौकट हिरवी झाली.

"सुटलो!" आजचसाहेबांचा जीव भांड्यात पडला. "एक सूचना जोडून टाकू. लांब वस्तू नेताना पुढचं टोक खाली ठेवावं. करा सही."

आत आलेले बाबाही खूश. "बघ मने, उगाच घाबरलीस." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण साहेब, ही सूचना वाचायची कुणी?"

"म्हणजे?"

"तुमचं यंत्र ज्या गावात जाईल, तिथल्या प्लंबरला हे सांगणार कोण? त्यालाही कुणीतरी टोक वरच धरायला शिकवलं असणार. कुणाला लागू नये म्हणून."

आजचसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मनीकडे पाहिलं, आणि सूचना लिहायला काढलेलं पेन पुन्हा खिशाला लावलं.

मनीने अहवाल पुढे ओढला. 'साध्या माणसांची ओळख' या ओळीपुढे तिने मोठ्या अक्षरांत 'नापास' लिहिलं आणि खाली सही केली. "पाहुण्यांना मी सांगते, साहेब. तुम्ही काळजी करू नका." साहेब डोकं धरून फोन करायला बाहेर गेले.

बाबांना तो शब्द बघवेना. शाळेपासून आजवर तिच्या कुठल्याही कागदावर तो आला नव्हता. "माझ्यापायी बढती गेली गं तुझी," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "अगं, पण मी आहे हे तुला बघताक्षणी कळलं ना? मग एवढं काय बिघडलं होतं?"

"कळलं, कारण मी इथे उभी होते, बाबा." तिने त्यांचा खरखरीत हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "तिकडे पडद्यापुढे कुणीच नसणार. त्यासाठीच तर बनवलंय ते."

बाबांनी तो कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"साक्षीदाराची सही लागते का गं याला?"

"नाही लागत, बाबा."

"असू दे. आण ते पेन इकडे."