साठ टक्के भुसा

दहा मिनिटं संपली तेव्हा तपासणीच्या छोट्या भट्टीतून लगद्याचा नखाएवढा तुकडा बाहेर आला होता. अर्पिताने तो कापून काट्यावर ठेवला. एक ग्रॅमही भरला नाही.

"काका, कालचा माल चार ग्रॅम उतरला होता," ती म्हणाली. "ह्यो जागचा हलंना."

मुंजाजीला ते कळायला काटा लागत नव्हता. देवगाव फाट्याजवळच्या या कारखान्यात तो चौदा वर्षं दारांच्या चौकटी काढत होता. पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची वाळकी झाडं, दळून तिचा भुसा करायचा, प्लास्टिकच्या दाण्यात मिसळायचा, वितळवून साच्यातून ढकलायचा, की झाली चौकट. शंभरात चाळीस भुसा असला तर लगदा निमूट सरकतो. पन्नास झाला की मशीन कण्हायला लागतं. आणि मालकांनी आजपासून साठ टाकायला सांगितलं होतं, दाणा महागलाय म्हणे. दाणा वितळतो, भुसा वितळत नाही, उलट वितळलेल्याची वाट अडवतो, हे मुंजाजी पहिल्याच वर्षी शिकला होता. पण मालकांना सांगणार कोण?

अर्पिताने सांगितलं. बोरीहून रोज बसने येणारी पोरगी, लागून तीन महिने झालेले, अजून कायम नव्हती. तरी तपासणीचा आकडा लिहिलेला कागद घेऊन गेली. मालक व्यंकटरावांनी कागद बाजूला सारला, मशीनपाशी आले आणि माल सरकत नसेल तर हिटर वाढवा, पार दोनशेच्या वर न्या, त्यात काय एवढं, असं बजावून निघून गेले.

तिथवर नेलं की पऱ्हाटी जळते. जळण्याआधी तिचा गोडसर वास करपट होतो, आणि तो पहिला झोत ओळखून हिटर खाली घेणं हेच मुंजाजीचं कसब. बाकीचे मीटर बघून मशीन चालवतात, मुंजाजी नाकानं चालवतो, असं सगळा कारखाना कौतुकाने सांगे. कोविडच्या तापात ते नाक गेलं ते गेलंच. त्याच्या बायकोने, सगुणाबाईने, कापूर, हिंग, तव्यावरची मिरची, सगळं नाकाशी धरून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. ही गोष्ट दोघांनी घराबाहेर जाऊ दिली नव्हती. मशीन हातातून गेलं तर आपल्याला कोण विचारतंय, ही धास्ती त्याला रोज असे. लपवून लपवून माणूस थकतो, तसा तो थकला होता. मीटरवर डोळे लावून त्याने चार वर्षं निभावली होती.

आजही त्याने मीटरचा काटा एकशे पंच्याण्णववर नेऊन थांबवला. मालकांच्या आकड्यापेक्षा कमीच. हळूहळू चौकट पुढे सरकली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पण मीटर सांगतं हिटरचं. घट्ट लगदा आतल्या आत रगडून आणखी किती तापलाय, ते मीटरला कळत नाही. कापणीवरचा दत्ता नाकाला रुमाल लावून खोकायला लागला, तेही त्याला भुशाच्या धुळीनं वाटलं.

अर्पिता धावत आली. "काका, बंद करा, माल जळायलाय. तुमाला वास येत न्हाई का?"

त्याने मशीन बंद केलं. कापून पाहिल्या तर चौकटी आतून काळ्याठिक्कर, हाताने मोडण्याजोग्या. सगळा घाणा वाया गेला होता.

व्यंकटराव आले ते थेट अर्पितावर घसरले. तपासणीला तुला ठेवलंय, मग माल जळेपर्यंत काय करत होतीस, उद्यापासून येऊ नको. पोरीचा चेहरा पडला. मुंजाजी गप्प राहिला असता तरी चाललं असतं. त्याच्या नाकावर कुणीच शंका घेतली नसती. तेवढ्या वेळात ही गोष्ट त्याच्या मनात आली आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"मालक, तिचा आकडा खरा हाय," तो म्हणाला. "साठ टक्क्याला माल सरकत न्हाई. अन् जळायलाय ते मला कळलं न्हाई. मला वासच येत न्हाई. चार वरसं झाली."

व्यंकटराव रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भुसा पुन्हा चाळीसवर आणा, असं हळू आवाजात सांगितलं. पोरीला परत तपासणीवर जायला सांगितलं. मशीन दत्ताकडे गेलं आणि मुंजाजी मागच्या शेडमध्ये भुशाच्या चाळणीवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पाणी प्यायला पुढे आला. दत्ता मीटरवर डोळे लावून उभा होता. चौकट सरळ, गुळगुळीत निघत होती. मुंजाजी तिच्याजवळ थांबला आणि सवयीने त्याने खोल श्वास घेतला. मग पलीकडे कागद लिहीत बसलेल्या अर्पिताकडे वळला.

"वास कसा यायलाय?"

तिने पेन खाली ठेवला, मशीनजवळ येऊन डोळे मिटले आणि नीट वास घेतला. "गोडसर हाय, काका. भाजलेल्या शेंगांवानी. करपट न्हाई."

मुंजाजीने मान डोलावली, नाकातोंडावर रुमाल बांधला आणि तो चाळणीकडे गेला.