रानडुकराचा वाटा

खळ्यावर भात झोडता झोडता मालोजीनं पेंढी खाली आपटली आणि बायकोवर डोळे वटारले.

"आज सिस्टर येनार हाय. डुकराचं नाव काढशील तर याद राख. फॉरेस्टवाले मला आत टाकतील गो!"

"आनि पोरीचा हात?" आनंदीबाईनं विचारलं.

मालोजीनं पेंढी पुन्हा उचलली. बोलणार कुठल्या तोंडानं? भर पावसाळ्यात त्यांची अंकिता भाकरी थापता थापता फिट येऊन चुलीवर पडली. उजवा हात मनगटापर्यंत भाजला. जमत आलेलं लग्न मोडलं. वाडीनं लगेच भूतबाधेचं निदान केलं. असली निदानं आमच्याकडे फुकट मिळतात. शेवटी महाडला डोक्याचा फोटो काढला, तेव्हा मेंदूत जंताच्या गाठी दिसल्या. मग घरच्यांची तपासणी झाली आणि जंत निघाला आनंदीबाईच्या पोटात.

"अर्धकच्चं डुक्कर खाल्लं की हा जंत पोटात वाढतो," डॉक्टरांनी समजावलं. "त्याची अंडी शौचातून पडतात. हात नीट धुतले नाहीत तर ती जेवणात जातात, आणि खाणाऱ्याच्या मेंदूत गाठी होतात."

त्या माउलीला एवढंच ऐकू आलं, की आपल्या हातचं खाऊन पोर पडली. औषधानं तिचा जंत गेला, पण तिचं जेवणावरचं मन उडालं ते उडालंच.

गेल्या वर्षी सरकारी दवाखान्यातली हीच सोनाली सिस्टर जंताच्या गोळ्या घेऊन आली होती. रानडुक्कर कोणी कोणी खाल्लं, असं तिनं विचारलं, तर सगळी वाडी जमिनीकडे बघत बसली. नाचणीत शिरलेलं डुक्कर फासात अडकलं की वाटा घरोघर जातो. पण कबूल कोण करणार? मुरारी तर म्हणाला, "आमी माळकरी." त्याच्या घरात तेव्हाही रस्सा उकळत होता.

दुपारी देवळात माणसं जमली. सिस्टरनं पुन्हा तेच विचारलं आणि पुन्हा सगळे मुके झाले. मालोजी बायकोचा पदर ओढत होता, तरी ती उभी राहिली.

"मी खाल्लंय. समद्यांनी खाल्लंय. तवाच बोलले असते, गोळी घेतली असती, तर माजी पोर धडधाकट असती. तुमच्या पोरी तरी वाचवा रे!"

"मी फॉरेस्टची नाही, कोणाचं नाव सांगणार नाही," सिस्टर म्हणाली. "कोणाला फिट येत असेल तर तेवढं आधी सांगा, त्यांना ही गोळी देता येत नाही."

शेजारच्या काशीबाईनं गोळीसाठी पहिला हात पुढं केला. मग एकेक करत सगळ्यांनी, मुरारीनंसुद्धा. मालोजीनं खाली मान घालून गोळी घेतली. आनंदीबाईनं वाडी जिंकली, असंच वाटलं.

गोळ्या गिळायला पाणी हवं म्हणून आनंदीबाई हात साबणानं चोळून धुऊन घरून कळशी आणि पेला घेऊन आली. काशीबाई मागं सरकली.

"नको गो, मी घरी जाऊन घेन."

मुरारीनं गोळी कोरडीच गिळली.

"अहो, त्यांचा जंत गेलाय, खुशाल प्या!" सिस्टर कळवळून म्हणाली. कोणी ऐकेना. एकाच डुकराचा वाटा सगळ्यांनी खाल्ला होता, आणि बाटलं होतं फक्त हिचं घर. चीड आली त्या माणसांची.

पायरीवर बसलेल्या अंकितानं डावा हात पुढं केला. "आये, मला दे गो पानी."

आनंदीबाईनं पेला भरला. लेकीकडे बघितलं. आणि पाणी अंगणात ओतून दिलं.

"घरी जा, बाय. तुज्या हातानं घे," म्हणाली, आणि कळशीशेजारी बसून रडायला लागली.