काळ्या तुळशीचा डबा

मित्रांनो, थोडे लांबच बसा. माझ्या अंगाला अजून तंबाखूचा वास येतो आणि तो माझा मलाच सहन होत नाही. मी वनस्पती तुपाचा एक जुना डबा आहे.

नवा होतो तेव्हा माझा पत्रा लखलखत असे. तूप संपल्यावर लामता गावच्या अनुसयेने मला उचलले. साल असेल बासष्ट. तिने खिळा ठोकून माझ्या तळाला पाच भोके पाडली. दुखले, पण पाण्याला वाट हवीच. मग चाळलेली माती, जुने शेणखत आणि थोडी रेती भरून तिने मला घरामागच्या बाडीत, पायरीजवळ ठेवले.

तिच्या पदराच्या गाठीत काळ्या तुळशीचे बी होते. या तुळशीची पाने आणि दांडी जांभळी असते. राजेगावला तिच्या आईच्या अंगणात ती होती. त्या उन्हाळ्यात आई वारली, मागोमाग झाडही वाळले. उरले ते चिमूटभर बी. अनुसयेचे सासरे महागूबाबा यांना जुना खोकला होता. त्यांनाच या तुळशीचा काढा द्यायचे तिच्या मनात होते.

तिने अर्धे बी पेरले. मोहरीहूनही बारीक, म्हणून वर नुसती माती भुरभुरली आणि बोटांनी पाणी शिंपडले. नवव्या दिवशी कोंब आले. त्याच दुपारी माझ्यात काहीतरी कोमट, चिकट पडले.

महागूबाबा पायरीवर बसून तंबाखू मळत. उठले की खोकल्याची ढास लागे, म्हणून बसल्या जागेवरून ते माझ्यातच पिंक टाकत. शी! ती तपकिरी लाळ कोंबांच्या माना वाकवत मातीत मुरायची. वर माशा बसायच्या. माझे तोंड कायम उघडे, मिटता कसे येणार?

चार दिवसांत कोंब कुजले.

“तुह्या मायचं बीच पोचट,” महागूबाबा म्हणाले.

अनुसयेने उरलेले बी पेरले. तेही कुजले. काठाला चिकटलेले एकच रोप वाचले. त्याला चार जांभळी पाने फुटली, त्या दिवशी ती खाली वाकली. तिने मातीचा वास घेतला आणि झटकन पदर नाकाला लावला. मला वाटले, आता ओरडेल. ती चहा करायला आत गेली.

“मामाजी, चहा.”

“बढिया झाला! काय टाकलं याच्यात?”

“डब्यातली तुळस.”

महागूबाबांनी तोंडातला घोट फुर्रकन बाहेर टाकला. “अवं, त्याच्यात तर मी रोज थुकतो!”

दारात सासू दुर्गाबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांचे सूप थांबले. “अस्सं! अन् पोरीच्या मायच्या बियाले नाव ठेवून राह्यले? थुकतानी किळस नाही आली, पितानी काहून आली?”

“चहात नुसतं आलं आहे, मामाजी,” अनुसया म्हणाली. “तुळशीले चारच पानं आहेत, मोजून पाहा. मायचं एवढंच राह्यलं. हेही सडलं, त मी बी कोठून आणू?”

दुसऱ्या दिवशी खोकत खोकत महागूबाबांनी खुरप्याने माझी वरची माती काढली आणि नवी भरली. तंबाखू काही सुटला नाही. थुंकायला मात्र ते उठून कुंपणापर्यंत जात आणि वाटेत ढास लागे. मला दया आली नाही.

मित्रांनो, कुंडीत, नालीत, जिन्याच्या कोपऱ्यात तुम्हीही थुंकणारे पाहता. आम्हाला ओरडता येत नाही. म्हणून तुम्ही तरी त्यांना थांबवा. तिथे कुणाचे शेवटचे बी रुजत असेल, सांगता येत नाही.

दिवाळीनंतर जांभळे तुरे वाळले. अनुसयेने ते तळहातावर चोळले, दुर्गाबाईंनी खाली सूप धरले. काळे बी टपटप पडले. महागूबाबांनी हात पुढे केला.

“मलेही दे चिमूटभर. कुंपणापाशी पेरतो.”

“आधी हात धुऊन या, मामाजी.”

ते उठले आणि बादलीपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आले.